चाळीस कुणाचे

“चहासुद्धा आता साठ-चाळीस फोडायचा म्हणे. उद्या मी शिंकलो तरी विचारतील, कुठल्या खात्यात टाकू.”

फळ्यांच्या भिंतीपलीकडे हिशेबनीस करवादत होता आणि अलीकडे ताई लेथपाशी उभी राहून फावड्याच्या दांड्याला पॉलिश पेपर मारत होती. ही भिंत लाकडाच्या या गिरणीतल्याच नापास फळ्यांची. बसवली तेव्हा लाकूड ओलं होतं. पुढे ते वाळत गेलं आणि दोन फळ्यांमध्ये बोटभर फटी पडल्या. त्या फटींतून ऑफिसातलं सगळं या खोलीत यायचं: पंख्याचा उरलासुरला वारा, वहिनीच्या अत्तराचा वास आणि ताईबद्दलची मतं. हिशेबनिसाला गिरणीत सगळे दशांश म्हणत, कारण वय विचारलं तरी टिंबानंतर दोन आकडे सांगेल असा तो माणूस. आज दादाने सकाळीच फर्मान सोडलं होतं की चहाचा खर्चही दोन्ही खात्यांवर नीट वाटून टाका, मागच्या खोलीतल्या बायका फुकट पितात. मागच्या बायका चार होत्या आणि दिवसातून एकदाच, तोही थंड झालेला चहा त्यांच्या वाट्याला यायचा.

ताईला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला.

गिरणीचा कारभार समजायला सोपा होता, म्हणूनच तो कुणी समजून घेतला नव्हता. ओंडका येतो एक. त्याचं बिल येतं एक. मोठ्या करवतीची वीज, करवतीवरच्या दोघांचा पगार, तेही एकच. पण करवतीखालून बाहेर पडला की ओंडक्याची दोन घरं होतात. मधल्या सरळ भागाच्या फळ्या पुढे दादाच्या ताब्यात जातात. कडेची गोलसर फाळकी, आखूड तुकडे, वाकडे ढलपे मागे ताईच्या खोलीत येतात आणि तिथे त्यांचे दांडे होतात, हातोडीचे, फावड्याचे, कुऱ्हाडीचे. मग ओंडक्याचं बिल कुणी सोसायचं? याचं उत्तर अण्णांनी, म्हणजे दादा-ताईच्या वडिलांनी, फार पूर्वीच देऊन ठेवलं होतं. शंभरातले साठ फळ्यांनी, चाळीस दांड्यांनी. साठ-चाळीस. इतक्या वर्षांत हे दोन आकडे घरात एकाच शब्दासारखे झाले होते. तो शब्द कुठून आला हे विचारायची कुणाची टाप नव्हती, आणि खरं सांगायचं तर गरजही नव्हती, कारण ज्याच्या अंगाला लागायचा त्यानेच विचारायला हवं होतं आणि ती ताई होती.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दशांश ऑफिसात हिशेब वाचून दाखवायचा. आकडे वर-खाली व्हायचे, चाल मात्र ठरलेली. ओंडक्याला आणि कापणीला शंभर पडले असं धरलं, तर फळ्या विकून, त्यांचा स्वतःचा खर्च जाऊन पंचाहत्तर उरायचे. त्यातले साठ वजा, फळ्या पंधरा नफ्यात. दांडे विकून, बायकांचे पगार आणि लेथची वीज जाऊन तीस उरायचे. त्यातले चाळीस वजा, दांडे दहा तोट्यात. “तोटा दहा,” असं दशांश खाली मान घालून वाचायचा आणि दादा पेनाने टेबलावर टकटक करायचा. वहिनी खिडकीबाहेर बघायची, जणू ताईची लाज तिला बघवत नाही.

चौदा वर्षांपूर्वी ताई नवऱ्याचं घर सोडून एका सुटकेसनिशी परत आली, तेव्हा मागची खोली आई चालवायची. तिनेच कडेच्या फाळक्यांचे दांडे करायला सुरुवात केली होती, नाहीतर तो ढीग बेकरीच्या भट्टीत जायचा. तीन वर्षांनी आई गेली आणि खोली ताईकडे आली, तोट्यासकट. तेव्हापासून तोट्यातल्या माणसाला शोभेल असं वागायला ती आपलं आपणच शिकली. लेथचा पट्टा तुटला की शिवून वापरायची. पगारवाढ मागितली नाही. मे महिन्यात खोलीतला पंखा जळाला तेव्हा वहिनी गोड आवाजात म्हणाली होती, “वन्सं, आधी पंख्यापुरतं कमवा, मग वारा घ्या.” बायकांनी ते ऐकलं होतं. त्यांच्यापैकी सगळ्यात म्हाताऱ्या बाईने त्या दिवशी एकेक दांडा असा घासला की जणू तो वहिनीचा गळाच होता.

या सोमवारी मात्र वाचन तोट्याच्या दहावर संपलं नाही. दादाने एक नकाशा टेबलावर उलगडला. मागच्या खोलीच्या जागी त्याला लाकूड सुकवायची भट्टी बसवायची होती. वाळलेल्या फळीला भाव बरा मिळतो, ते खरंच होतं. त्यासाठी बँकेचं कर्ज, कर्जाला तारण वहिनीच्या नावावरचा बाजारातला गाळा. दांडे बंद. फाळकी बेकरीवाल्याला जळणाच्या भावाने, शंभरामागे दहा. चारही बायकांना महिनाअखेरीला निरोप. आणि ताईने, असं दादा नकाशावरून नजर न उचलता म्हणाला, घरी बसून अण्णांकडे बघावं. कुणीतरी बघायलाच हवं.

अण्णा कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. त्यांनी आपल्याकडे बघितलं जाणार असल्याची बातमी ऐकून चष्मा पुसला आणि परत घातला.

“हिशेब साधा आहे,” दादा म्हणाला. “दहाचा तोटा थांबला, फळ्यांचे पंधरा राहिले, वर जळणाचे दहा. महिन्याला शंभरामागे पंचवीस. बँकेला मी हाच कागद देणार आहे. काय, ढलपे?”

ढलपी हे त्याने लहानपणी ठेवलेलं नाव. तेव्हा ते लाडाचं होतं असं ताई स्वतःला सांगत आली होती.

बायकांना तिने जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. चौघींपैकी एकीच्या नवऱ्याचा पाय जायबंदी होता, दुसरीची मुलगी नुकतीच कॉलेजात गेली होती. त्या दोघी रडल्या असत्या तर ताईला बरं वाटलं असतं. पण त्या तिच्याकडे असं बघत राहिल्या की जणू हा तोटा तिनेच खिशात भरून नेला असावा. “एवढे दांडे जातात,” म्हातारी म्हणाली, “दुकानदार दारात उभा असतो. आणि आपण तोट्यात कशा ओ?” चौदा वर्षं रोज लाकडाला हात लावून तिला एवढंच कळलं होतं की आपलं काम चांगलं आहे आणि आपला हिशेब वाईट.

पण ‘कशा’ हा शब्द तिच्या मागे लागला. कुठे शाळेत शिकवतात ते हिशेबाचं शिक्षण तिने घेतलं नव्हतं. लाकडाच्या पावत्या वाचत वाचत जे आलं ते आलं. दुपारी हात लेथवर आणि डोकं भलतीकडे असताना तिला मागच्या वर्षीचा तो महिना आठवला. लेथची मोटर जळाली होती, सुटा भाग यायला पाच आठवडे लागले होते आणि अख्खा महिनाभर एकही दांडा झाला नव्हता. फाळकी बेकरीवाल्याने नेली होती. म्हणजे दादा आता कायमचं करायला निघाला होता ते एकदा होऊन गेलं होतं. मग त्या महिन्यात गिरणीला पंचवीसचा नफा झाला होता का?

दुसऱ्या दिवशी दादा बँकेत गेलेला असताना ती ऑफिसात गेली आणि दशांशापुढे बसली. काका, मागच्या वर्षीच्या त्या महिन्याचं पान दाखवा, म्हणाली. दशांशाने आधी चष्मा शोधला, मग किल्ली शोधली, मग नियम शोधला की दादांना विचारल्याशिवाय वही दाखवता येत नाही. ताई उठली नाही. शेवटी त्याने वही काढली आणि पान उघडून तोंड दुसरीकडे फिरवलं.

फळ्यांच्या खात्यात साठ होते. दांड्यांच्या खात्यात काही नव्हतं, दांडेच नव्हते. आणि खाली शाईने बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘चाळीस, वाटणी बाकी.’

“हे चाळीस कुठे गेले मग?” ताईने विचारलं.

दशांशाने पुढचं पान उलटलं. पुढच्या महिन्यात दांड्यांच्या नावावर ऐंशी होते.

ताईला तो महिना लख्ख आठवला. मोटर दुरुस्त झाली होती, बायकांनी नेहमीइतकेच दांडे केले होते, ते विकलेही गेले होते, आणि त्या सोमवारी दशांशाने तोटा पन्नास वाचला होता. दादाने तिला बायकांसमोर विचारलं होतं की तुला साधा दांडा तरी नीट येतो का. ती रात्रभर स्वतःचे हात बघत बसली होती. आणि ते चाळीस तिचे नव्हतेच. तिची खोली बंद होती तेव्हाही ओंडके आले होते, बिल शंभराचंच आलं होतं, आणि त्यातले चाळीस महिनाभर दाराबाहेर बसून तिची वाट बघत होते.

“मी सांगितल्याप्रमाणे लिहितो, ताई,” दशांश वही मिटत म्हणाला. “नियम अण्णांचा. माझं काय, मी फक्त टिंब देतो.”

गुरुवारी दुपारी चार वाजता बँकेचा माणूस येणार होता. तीन वाजता घरचे सह्या करायला ऑफिसात जमले. कागदांची चळत टेबलाच्या मध्यावर होती. दादाने तिच्यावर पेन आडवं ठेवलं होतं. अण्णा कोपऱ्यात, दशांश कपाटाशी, वहिनी दादाच्या शेजारी, तिच्यापुढे गाळ्याचे कागद. ताईला कुणी बोलावलं नव्हतं. ती अंगावरच्या भुशासकट आत आली आणि उभी राहिली, कारण खुर्ची उरली नव्हती.

दादाने विचारलं, काय काम आहे. भुसा झटकून यायचं होतं, असं वहिनीने त्यात घातलं.

“एकच विचारायचंय,” ताई म्हणाली. “दांडे बंद झाले की ओंडकेवाला आपल्याला बिल साठचं देणार आहे का?”

दादा हसला. चाळीस दांड्यांचे होते, दांडे गेले की चाळीस गेले, एवढं साधं तुला कळत नाही, म्हणूनच ही वेळ आली, असं त्याने तिला समजावलं. त्याचा समजावण्याचा आवाज ओरडण्यापेक्षा वाईट होता. ताईने ते संपू दिलं. मग तिने वही मागितली. दशांशाने दादाकडे बघितलं, दादाने मान हलवली नाही, तेव्हा ताईने स्वतःच कपाटातून वही काढली, पान उघडून टेबलावर ठेवलं आणि बोट टेकवलं. इथे दांडे नव्हते, म्हणाली. चाळीस होते. ते कुठे जात नाहीत. कापलं तरी, जाळलं तरी, दांडे केले तरी ओंडका शंभरालाच पडतो. खोली बंद केली की ते शंभरच्या शंभर तुझ्या फळ्यांवर येणार.

“तुझ्या पंचाहत्तरात जळणाचे दहा घाल,” ती म्हणाली. “पंच्याऐंशी. शंभर वजा कर. तू पंचवीसच्या नफ्याचा कागद बँकेला देतोयस आणि पंधराच्या तोट्यात चाललायस. आज दोघांचं मिळून पाच उरतंय. तेवढंच.”

दादाचा चेहरा लाल झाला. बोटांवर मोजणारी माणसं मला धंदा शिकवणार का, असं तो दशांशाला म्हणाला, जणू ताई खोलीत नव्हतीच. नवऱ्याचं घर जिला सांभाळता आलं नाही तिने गिरणीच्या गोष्टी करू नयेत, असंही म्हणाला. हे वाक्य या घरात चौदा वर्षं कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं. ते झाकण ठेवून मंद आचेवर शिजत ठेवलेलं होतं. ताईला वाटलं होतं की ते ऐकलं की आपण कोसळू. पण ती उभीच राहिली. हातावरचा भुसा घामाने चिकटला होता, तो ती खरवडत राहिली.

“माझं घर बाजूला ठेव,” ती म्हणाली. “फाळकी दहाला जातात. मी त्यांचे दांडे केले की पंचावन्नला जातात आणि करायला खर्च येतो पंचवीस. वीस उरतात, दादा. ओंडक्याचा एक पैसा यात कमी-जास्त होत नाही. ते वीस बंद करून तू भट्टी पेटवणार आहेस.”

“आणि साठ-चाळीस काय हवेत लिहिलंय?” दादाने अण्णांकडे हात केला. “अण्णा, सांगा हिला.”

अण्णांनी घसा साफ केला. साठ-चाळीस आहे ते आहे, म्हणाले. विषय तिथेच मिटला असता, आजवर दर वेळी मिटला होता. पण ताई त्यांच्याकडे वळली. आयुष्यात पहिल्यांदा तिने वडिलांना उलट विचारलं, तेही हळूच, जणू पाणी हवं का असं विचारावं. अण्णा, हे कशावरून धरलं? मापाने धरलं तर माझ्याकडे शंभर घनफुटांतले पंचवीससुद्धा येत नाहीत. भावाने धरलं तर माझा ढीग दहाचा आणि याच्या फळ्या पंचाहत्तरच्या. कसंही मांडा, चाळीस येतच नाहीत. मग आले कुठून?

अण्णांनी चष्मा काढला. पुसायला रुमाल सापडेना. दशांश कपाटाच्या कडीशी खेळू लागला. पलीकडच्या खोलीत लेथ बंद पडला, म्हणजे बायका फटींशी आल्या होत्या. दादा म्हणाला की चार वाजायला आले, हा तमाशा पुरे, सही कर. हे त्याने वहिनीला म्हटलं होतं.

वहिनीने पेन उचललं नाही. तिने वही स्वतःकडे ओढली. ताईला वाटलं, आता ही ती मिटून कपाटात टाकणार. बावीस वर्षांत या बाईने तिच्या बाजूने एक शब्द टाकला नव्हता. पंखा, चहा, पगार, प्रत्येक गोष्टीत नाक खुपसून वन्सं, वन्सं करत तिने ताईला तिची पायरी दाखवली होती. वहिनीने पानाच्या कोपऱ्यावर नखाने तीन आकडे ओढले, शाई नव्हती म्हणून ते दिसले नाहीत, पण ओठ हलले. पंच्याऐंशी. शंभर. पंधरा. मग गाळ्याचे कागद तिने उचलले आणि मांडीवर ठेवले.

“अहो, हा गाळा मी देणार नाही,” ती म्हणाली.

दादाने विचारलं, तूही हिच्या नादाला लागलीस का. वहिनीने ताईकडे बघितलंसुद्धा नाही.

“मला हिच्याबद्दल काही वाटत नाही,” ती म्हणाली. “हा भुसा घेऊन ती ऑफिसात आली तेव्हाही मला किळसच आली. पण माझ्याकडे माझं म्हणून एवढंच आहे, आणि ते मी तोट्यात घालणार नाही.”

“तोटा नाहीये,” दादा ओरडला. “पंधरा नफ्यात आहेत फळ्या. बावीस वर्षांत एक महिना तोटा नाही.”

“अण्णा,” वहिनी म्हणाली, “तुम्ही सांगता की मी सांगू?”

अण्णांचे उघडे डोळे चष्म्याशिवाय फार लहान दिसत होते. त्यांनी दादाकडे बघितलं, मग जमिनीकडे. त्या बघण्यात, ताईच्या लक्षात आलं, राग अजिबात नव्हता. एखादं पोर पडेल म्हणून वर्षानुवर्षं मागे हात धरून चालणाऱ्या माणसाचा थकवा होता.

“आमचं लग्न ठरत होतं,” वहिनी म्हणाली. आवाज सपाट होता, जणू दशांशाच्या वहीतून वाचत होती. “माझे बाबा धंद्यातले. म्हणाले, मुलाच्या हातातलं खातं बघतो, मग बोलू. फळ्यांचं खातं यांच्या हातात येऊन वर्ष झालं होतं. तोटा होता. तोवर शंभरातले नव्वद फळ्या सोसायच्या आणि दहा दांडे. तसंच असायला हवं होतं, वन्सं म्हणतात तसं. बाबा येणार त्याच्या आदल्या आठवड्यात सासूबाईंनी चाळीस आपल्या अंगावर घेतले. त्यांनी स्वतः मला सांगितलंय, शेवटच्या दुखण्यात. म्हणाल्या, लग्न झालं की परत फिरवायचे होते. पण दर महिन्याला पंधरा ऐकून हे इतके खूष व्हायचे की कुणाच्याने फिरवले गेले नाहीत.”

दशांशाने कडी सोडली.

“बाबा फसले असं तुम्हाला सगळ्यांना वाटतं,” वहिनी पुढे म्हणाली. “ते फसले नव्हते. त्यांनी घरी येऊन आईला आकडे मांडून दाखवले, मी दाराशी होते. पण मला सत्ताविसावं लागलं होतं. त्यांनाही कुठेतरी जमा करून टाकायची होती मला.”

दादा उठून उभा राहिला होता. तो म्हणाला की हे खोटं आहे. मग म्हणाला, अण्णा, हे खोटं आहे ना. दुसऱ्या वेळी त्याचा आवाज लहान झाला होता. ताईने तो लहान आवाज फार वर्षांपूर्वी ऐकला होता आणि तिच्या मनात आलं की आता कुणी काही बोलू नये. वही मिटावी, बँकेच्या माणसाला परत पाठवावं, चाळीस काय, पन्नास माझ्यावर टाकावेत. ती तसं म्हणायला तोंड उघडणार होती.

पण वहिनी तिच्याकडे वळली. चेहऱ्यावर तीच तिरकस रेष, पंख्याच्या वेळची.

“तुम्ही गप्प बसा वन्सं, तुमच्या आईसारखं करू नका,” ती म्हणाली. मग नवऱ्याकडे बघून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “फळ्यांनी या घरात एक दिवसही कमावलेलं नाही. बावीस वर्षं आपण सगळे मागच्या खोलीच्या जिवावर जेवतोय.”